मूळ विंडोज यंत्रातच असते: लॅपटॉप पूर्ववत करण्याची सविस्तर पद्धत

दुरुस्तीला दिलेला लॅपटॉप घरी परत येतो, सुरू होतो, वेगानेही चालतो. पण चार दिवसांनी लक्षात येते की तो आता बोटाच्या ठशाने उघडत नाही, प्रकाश कमी-जास्त करण्याची कळ दाबली तरी काहीच घडत नाही आणि आवाज पूर्वीपेक्षा बारीक झाला आहे. माझ्या भाचीच्या लॅपटॉपचे असेच झाले होते. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी ही अधिक वेगवान डिस्क बसवण्यासाठी तिने तो एका दुकानात दिला होता. विकत घेतला तेव्हा त्यात ‘विंडोज होम सिंगल लँग्वेज’ होती, परत आला तेव्हा ‘विंडोज प्रो’ होती, आणि सुमारे सहा महिन्यांनी पडद्याच्या कोपऱ्यात विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करण्याची, म्हणजे परवाना खरा असल्याची खात्री करून देण्याची, सूचना झळकू लागली. पुन्हा विंडोज टाकून देण्याचे वेगळे पैसे तिच्याकडे मागितले गेले. वास्तविक तिने मोजलेल्या मूळ किमतीतच विंडोजचा परवाना आलेला होता, आणि तो त्या लॅपटॉपच्या मदरबोर्डवर, म्हणजे आतील मुख्य सर्किट बोर्डावर, अजूनही शाबूत होता. तो परवाना वापरून मूळ विंडोज आणि सर्व ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचे वेगवेगळे भाग चालवणारे लहान प्रोग्राम, पुन्हा कसे बसवायचे, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. कमांड आणि मेनूंची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत; संगणकावर ती इंग्रजी अक्षरांतच टंकावीत किंवा शोधावीत.

परवाना नेमका कुठे असतो

विंडोज ७ च्या काळात लॅपटॉपच्या पोटाशी किंवा बॅटरीच्या खाचेत एक चिकटपट्टी असे आणि तिच्यावर पंचवीस अक्षरांची ‘की’, म्हणजे परवान्याचा संकेतक्रमांक, छापलेली असे. ती पट्टी झिजली की परवाना हरवल्यासारखेच होई. २०१२ साली विंडोज ८ आली तेव्हापासून मोठ्या कंपन्या ही की थेट मदरबोर्डवरील फर्मवेअरमध्ये, म्हणजे बोर्डातच साठवलेल्या मूळ प्रोग्राममध्ये, लिहून लॅपटॉप विकू लागल्या. त्यामुळे डिस्क बदलली, पुसली किंवा जळाली तरी की जागच्या जागी राहते. विंडोज बसवणारा प्रोग्राम ती स्वतःच वाचतो, कोणती आवृत्ती बसवायची ते तिच्यावरून ठरवतो आणि इंटरनेट मिळताच विंडोज आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते. घरगुती ग्राहकाला भारतात विकलेल्या लॅपटॉपांत बहुधा ‘होम सिंगल लँग्वेज’ हीच आवृत्ती असते. नावावरून पुष्कळांचा असा समज होतो की यात मराठी टंकता येणार नाही. तसे अजिबात नाही. मर्यादा आहे ती मेनू आणि खिडक्यांच्या भाषेपुरती. कीबोर्ड हवे तितके जोडता येतात. मे २०१९ च्या विंडोज १० अद्ययावतीपासून तर मराठीचा फोनेटिक कीबोर्डही विंडोजमध्येच मिळतो.

याला काही अपवाद आहेत. ‘डॉस’ किंवा उबुंटू घालून स्वस्तात विकलेल्या लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये विंडोजची की नसते; तिथे मूळ ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे तेच डॉस किंवा उबुंटू, आणि विंडोज हवी असल्यास परवाना विकत घ्यावा लागतो. मदरबोर्ड बदललेला असेल आणि तो अधिकृत सेवा केंद्राबाहेर बदलला असेल, तर नव्या बोर्डावर की नसण्याची किंवा वेगळ्याच आवृत्तीची की असण्याची शक्यता असते. कार्यालयाने दिलेला लॅपटॉप असेल, तर त्याचा परवाना संस्थेचा असतो. त्याला या लेखातील एकही पायरी लावू नये, तो संगणक विभागाकडेच न्यावा.

‘मूळ’ या शब्दाचा अर्थही आधीच ठरवून घेतलेला बरा. विंडोज ७ चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या नियमित अद्ययावती, १४ जानेवारी २०२० रोजी, विंडोज ८.१ चा १० जानेवारी २०२३ रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्या लॅपटॉपवर विंडोज १० आली होती आणि जो विंडोज ११ च्या अटी पूर्ण करतो, म्हणजे टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय, सिक्युअर बूट ही सुरू होतानाच अनोळखी प्रोग्राम अडवणारी सोय आणि इंटेलचा असल्यास साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर, त्यावर विंडोज ११ बसवावी असे माझे स्पष्ट मत आहे. विंडोज १० च्या होमचा परवाना विंडोज ११ च्या होमलाही चालतो, त्यामुळे त्यासाठी वेगळा खर्च येत नाही.

आधी तपासणी

कामाला हात घालण्यापूर्वी सध्या काय बसवलेले आहे ते पाहावे. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टीम’ आणि त्याखालील ‘अ‍ॅक्टिव्हेशन’ उघडल्यावर आवृत्तीचे नाव आणि परवान्याची स्थिती दिसते. त्याहून खोलवरची माहिती हवी असल्यास विंडोजची कळ आणि ‘आर’ एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत ‘एसएलएमजीआर.व्हीबीएस’, मग एक मोकळी जागा, मग तिरपी रेघ आणि तिला लागून ‘डीएलव्ही’ असे टंकावे. काही क्षणांत एक खिडकी उघडते. तिच्यातील वर्णनाच्या ओळीत ‘ओईएम डीएम’ असे असेल तर कंपनीचाच परवाना चालू आहे. ‘व्हॉल्यूम’ आणि ‘केएमएस क्लायंट’ हे शब्द असतील आणि लॅपटॉप घरगुती असेल, तर कोणीतरी संस्थांसाठीच्या पद्धतीची नक्कल करून विंडोज चालू केलेली आहे हे समजावे. ही पद्धत १८० दिवसांची मुदत देते आणि ती पुन्हापुन्हा वाढवून घ्यावी लागते. भाचीच्या लॅपटॉपवर सहा महिन्यांनी सूचना का आली, याचे उत्तर तिथेच मिळाले. ‘रिटेल’ असे दिसले तर मात्र लगेच संशय घेऊ नये, कारण जुन्या आवृत्तीवरून रीतसर अद्ययावत केलेल्या विंडोजमध्येही ते दिसते.

अशी नक्कल करणारे प्रोग्राम चालावेत म्हणून पुष्कळदा विंडोजचे अँटिव्हायरस बंद केलेले असते, आणि ज्या यंत्रावर आपण बँकेचे व्यवहार करतो तिथे हे चालवून घेणे मला अत्यंत धोक्याचे वाटते. असा लॅपटॉप दुरुस्त करत बसण्यापेक्षा डिस्क पूर्ण पुसून नव्याने सुरुवात करावी.

याच वेळी एका कागदावर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: लॅपटॉपचे नेमके मॉडेल, त्याचा सीरियल क्रमांक आणि प्रोसेसरचे नाव. डेलमध्ये सीरियल क्रमांकाला ‘सर्व्हिस टॅग’ म्हणतात आणि तो सात अक्षरांचा असतो. एकाच नावाच्या मालिकेत दहा-दहा उपमॉडेल असतात आणि प्रत्येकाचे वाय-फाय कार्ड वा टचपॅड वेगळे असू शकते, म्हणून नुसत्या मालिकेच्या नावावर विसंबून ड्रायव्हर उतरवू नयेत.

पुसण्यापूर्वी काय वाचवायचे

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि फोटो हे सर्वांनाच आठवतात. हरवतात त्या न आठवणाऱ्या गोष्टी. ब्राउझरमधील बुकमार्क आणि पासवर्ड, आउटलुकमध्ये साठवलेली जुनी टपाल फाइल, स्कॅनरने भलत्याच फोल्डरात टाकलेली कागदपत्रे, यांचा शोध घ्यावा. मराठीत टंकलेखन किंवा छपाईचे काम करणाऱ्यांनी ‘फॉन्ट्स’ फोल्डरची प्रत अवश्य घ्यावी. श्री-लिपी, कृतिदेव किंवा पुण्याच्या सी-डॅकच्या आयएसएमसोबत आलेल्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेली फाइल त्या फॉन्टशिवाय उघडली तर फक्त निरर्थक चिन्हांच्या ओळी दिसतात. हिशेबासाठी टॅली वापरत असाल तर डेटाची प्रत घेऊन आधी टॅलीतूनच परवाना ‘सरेंडर’ करावा, म्हणजे नव्या विंडोजवर तो पुन्हा अडचण न येता चालू करता येतो. डिजिटल सहीचे यूएसबी टोकन पुसले जात नाही, पण त्याचा ड्रायव्हर जातो. तो कुठून मिळतो ते टिपून ठेवावे.

लॅपटॉपसोबत कायमस्वरूपी ऑफिस मिळाले असेल तर ते ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडले आहे तो ईमेल पत्ता आणि पासवर्ड हाताशी हवा. दुकानातच कोणीतरी घाईने नवे खाते उघडून ते जोडून दिलेले असते आणि ग्राहकाला त्याचा पत्ताही माहीत नसतो, असे मी पुष्कळदा पाहिले आहे. ऑफिसमधील कोणताही प्रोग्राम उघडून ‘अकाउंट’ हा भाग पाहिला की हे कळते.

यानंतर सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे बिटलॉकर, विंडोजमधील डिस्क कुलूपबंद करण्याची सोय. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलेल्या अनेक नव्या लॅपटॉपांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि मालकाला त्याची कल्पनाच नसते. बायोसमध्ये (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये) काही बदलले किंवा दुरुस्तीच्या पडद्यावर गेले की मग यंत्र ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती की त्या मायक्रोसॉफ्ट खात्याच्या संकेतस्थळावर, उपकरणांच्या यादीत सापडते. काम सुरू करण्यापूर्वी ती पाहून कागदावर उतरवावी. की नसेल तर त्या डिस्कवरील मजकूर कोणालाही परत मिळवता येत नाही, मग तो तंत्रज्ञ कितीही निष्णात असो.

सध्याची विंडोज चालत असेल तर तिच्यातील ड्रायव्हरही जपून ठेवावेत. प्रशासक म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडावा, बाहेरच्या पेन ड्राइव्हवर आधी एक रिकामे फोल्डर करावे आणि ‘पीएनपीयूटिल’, मोकळी जागा, तिरपी रेघ व तिला लागून ‘एक्स्पोर्ट-ड्रायव्हर’, मोकळी जागा, तारांकन, मोकळी जागा आणि त्या फोल्डरचा पत्ता, असे एका ओळीत टंकावे. बाहेरून आलेले सगळे ड्रायव्हर त्या फोल्डरात जमा होतात. कंपनीच्या संकेतस्थळावरून जुन्या मॉडेलचे पान काढून टाकले गेले असेल, तर हेच फोल्डर कामी येते.

तीन वाटा, आणि कोणती कधी निवडावी

पहिली वाट विंडोजमधलीच आहे: ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टीम’, ‘रिकव्हरी’ आणि ‘रिसेट धिस पीसी’. विंडोजमध्ये साइन इन करता येत नसेल तर साइन इनच्या पडद्यावर शिफ्ट दाबून ठेवून ‘रिस्टार्ट’ निवडले तरी हाच पर्याय मिळतो. ‘कीप माय फाइल्स’ निवडल्यास आपल्या फाइल राहतात पण बसवलेले प्रोग्राम जातात. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’मध्ये दोन्ही जातात. पुढे ‘क्लाउड डाउनलोड’ आणि ‘लोकल रिइन्स्टॉल’ यांतून निवड करायची असते. पहिल्यात सुमारे ४ जीबी डेटा लागतो, पण फाइल ताज्या येतात. फाइल बिघडल्याचा संशय असेल तर डेटाचा विचार न करता तोच निवडावा. ही वाट सोपी आहे, मात्र तिची एक मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे: रिसेटमध्ये सध्या जी आवृत्ती आहे तीच पुन्हा बसते. बेकायदा ‘प्रो’ बसवलेल्या लॅपटॉपवर रिसेट केले तर ‘प्रो’च परत येते, मूळ ‘होम’ येत नाही.

दुसरी वाट लॅपटॉपच्या कंपनीची. कारखान्यातून निघाला तसा लॅपटॉप हवा असेल, म्हणजे कंपनीचे आवाजाचे, बॅटरीचे आणि कळांचे प्रोग्रामही जसेच्या तसे हवे असतील, तर ही सर्वोत्तम. अनेक लॅपटॉपांच्या डिस्कवर यासाठी स्वतंत्र रिकव्हरी पार्टिशन, म्हणजे डिस्कचा राखून ठेवलेला भाग, असते. एचपीमध्ये सुरू होताना एफ११, एसुसमध्ये एफ९, एसरमध्ये ऑल्ट आणि एफ१० दाबून तिथे जाता येते; लेनोव्होच्या पुष्कळ लॅपटॉपांत कडेला ‘नोव्हो’ नावाचे बारीक बटण असते, ते लॅपटॉप बंद असताना टाचणीने दाबावे. डिस्क बदललेली असेल तर हे पार्टिशन नाहीसे झालेले असते. तरीही डेल, एचपी आणि लेनोव्हो सीरियल किंवा प्रॉडक्ट क्रमांक टाकल्यावर अनेक मॉडेलांसाठी रिकव्हरीची संपूर्ण प्रत विनामूल्य उतरवू देतात. त्यासाठी दुसरा चालू संगणक आणि मोठा पेन ड्राइव्ह लागतो. ३२ जीबीचा घेतला तर अडचण येत नाही.

तिसरी वाट म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून विंडोज उतरवून कोऱ्या डिस्कवर बसवणे, ज्याला इंग्रजीत ‘क्लीन इन्स्टॉल’ म्हणतात. आवृत्ती चुकीची असेल, विषाणूची शंका असेल किंवा कंपनीची प्रत मिळत नसेल तर हीच घ्यावी. भाचीचा लॅपटॉप मी याच वाटेने पूर्ववत केला, म्हणून पुढचे वर्णन प्रामुख्याने तिचे आहे.

पेन ड्राइव्ह तयार करणे आणि त्यावरून सुरू करणे

मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरील विंडोज ११ च्या पानावर ‘मीडिया क्रिएशन टूल’ मिळते. किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लावून ते चालवावे. पेन ड्राइव्हवरील आधीचे सर्व पुसले जाते. विंडोजची आयएसओ फाइल, म्हणजे सगळा संच सामावलेली एकच फाइल, उतरवून ती पेन ड्राइव्हवर नुसती उचलून ठेवण्याचा प्रयत्न बरेच जण करतात. तो फसतो, कारण यूईएफआय या नव्या प्रकारच्या बायोसच्या पद्धतीने सुरू होण्यासाठी पेन ड्राइव्ह बहुधा फॅट३२ प्रकारचा लागतो आणि त्या प्रकारात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. टूल ही अडचण स्वतःच सोडवते. भाषा निवडताना लॅपटॉपवर पूर्वी होती तीच निवडावी.

त्याच पेन ड्राइव्हवर, किंवा दुसऱ्यावर, तीन ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून आधीच उतरवून ठेवावेत: वाय-फायचा, चिपसेटचा (मदरबोर्डवरील मुख्य चिपचा) आणि स्टोरेजचा. शक्य असल्यास तारेचा किंवा यूएसबीचा एक माउस जवळ असू द्यावा, कारण नव्या विंडोजमध्ये टचपॅड सुरुवातीला हलेलच असे नाही. चार्जर लावलेला असावा. वीज जाण्याचा नेम नसलेल्या भागात बॅटरी आधी पूर्ण भरून घ्यावी. लॅपटॉप बॅटरीवर तग धरतो, पण राउटर बंद पडला की डाउनलोड अर्ध्यावर थांबते, एवढ्यासाठी मोबाइलचा डेटाही शिल्लक ठेवावा.

पेन ड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करताना बूट मेनूची कळ वारंवार दाबावी: डेल आणि लेनोव्होमध्ये एफ१२, एचपीमध्ये एफ९, एसुसमध्ये एस्केप. एसरमध्येही एफ१२ आहे, पण पुष्कळ मॉडेलांत तो मेनू आधी एफ२ ने बायोसमध्ये जाऊन चालू करावा लागतो. यादीत पेन ड्राइव्हचे नाव दोनदा दिसले तर ‘यूईएफआय’ असे लिहिलेलेच निवडावे. सिक्युअर बूट बंद करण्याची गरज नसते.

इथे एक सुखद खूण दिसते. फर्मवेअरमध्ये की असेल तर बसवणारा प्रोग्राम सहसा की मागत नाही आणि होम हवी का प्रो असेही विचारत नाही. तो सरळ पुढे जातो. त्याने आवृत्तीची यादी समोर ठेवली तर की सापडलेली नाही असे समजावे. तेव्हा ‘आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की’ निवडून, लॅपटॉपसोबत जी आवृत्ती आली होती नेमकी तीच निवडावी. प्रो ‘चांगली’ म्हणून ती निवडली तर होमच्या परवान्यावर ती कधीही अ‍ॅक्टिव्हेट होत नाही.

डिस्कच दिसत नाही तेव्हा

२०२० नंतरच्या, म्हणजे इंटेलच्या अकराव्या आणि त्यापुढच्या पिढीच्या बऱ्याच लॅपटॉपांवर इथे काम अडते. डिस्कची यादी रिकामी येते आणि एकही ड्राइव्ह सापडला नाही असा संदेश दिसतो. नवी एसएसडी खराब निघाली असे समजून ती परत करणारे लोक मला भेटले आहेत. एसएसडी ठणठणीत असते. या यंत्रांत एसएसडी इंटेलच्या ‘व्हीएमडी’ नावाच्या नियंत्रकामागे असते आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या पेन ड्राइव्हमध्ये नेहमी नसतो. कंपनीच्या संकेतस्थळावर तो ‘इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी’ या नावाने मिळतो. डाउनलोड केलेली फाइल बहुधा ‘ईएक्सई’ असते. ती तशीच ठेवून उपयोग नाही, ती दुसऱ्या संगणकावर उलगडून ‘आयएनएफ’ फाइल असलेले फोल्डर पेन ड्राइव्हवर ठेवावे. मग ‘लोड ड्रायव्हर’, ‘ब्राउझ’ आणि ते फोल्डर असा क्रम घेतला की काही सेकंदांत डिस्क यादीत येते.

बायोसमध्ये व्हीएमडी बंद केले की ड्रायव्हरशिवायही डिस्क दिसते, आणि हा सल्ला सर्रास दिला जातो. कोऱ्या डिस्कवर तो चालून जातो. पण आधीची विंडोज ठेवायची असताना ही सेटिंग बदलली तर ती विंडोज सुरूच होत नाही. शिवाय आपण लॅपटॉप मूळ अवस्थेत आणत आहोत, तेव्हा कारखान्याची सेटिंग तशीच ठेवून ड्रायव्हर देणे मला अधिक योग्य वाटते.

पार्टिशनच्या यादीसमोर

सगळ्या कामात घाई करू नये अशी जागा ही एकच. लॅपटॉपमध्ये एसएसडी आणि हार्ड डिस्क अशा दोन डिस्क असतील तर त्या आकारावरून ओळखाव्यात: विक्रेते दशमान पद्धतीने मोजतात आणि विंडोज द्विमान पद्धतीने, त्यामुळे २५६ जीबीची डिस्क सुमारे २३८, ५१२ जीबीची सुमारे ४७६ आणि १ टीबीची सुमारे ९३१ अशी दिसते. शंका असल्यास थांबावे, लॅपटॉप बंद करावा आणि दुसरी डिस्क शक्य असेल तर काढून ठेवावी.

आपल्याकडे एकाच डिस्कचे ‘सी’ आणि ‘डी’ असे भाग करून ‘डी’मध्ये घरचे फोटो ठेवण्याची पद्धत आहे. इथे ती अक्षरे दिसत नाहीत, फक्त क्रमांक आणि आकार दिसतात. फोटो बाहेरच्या डिस्कवर खरोखर उघडून पाहिलेले असतील, तरच सगळी पार्टिशने काढून टाकावीत. ‘डी’ राखायचा असेल तर फक्त विंडोजचे मोठे पार्टिशन, त्यापूर्वीचे १०० ते २६० एमबीचे ‘सिस्टीम’ आणि ‘एमएसआर’ एवढीच काढावीत. कंपनीचे काही जीबींचे रिकव्हरी पार्टिशन शाबूत असेल तर ते माझ्या मते राहू द्यावे. सर्व जागा मोकळी झाल्यावर स्वतः नवे भाग पाडू नयेत. ‘अनअ‍ॅलोकेटेड’ जागा निवडून ‘नेक्स्ट’ दाबावे, लागणारे लहान भाग विंडोज स्वतः तयार करते. एसएसडीवर हे काम सहसा पंधरा-वीस मिनिटांत होते. पहिल्यांदा रिस्टार्ट होताना पेन ड्राइव्हवरून पुन्हा सुरू होण्यासाठी विचारले तर कोणतीही कळ दाबू नये.

पहिला प्रवेश

विंडोज ११ सुरुवातीलाच इंटरनेट मागते आणि वाय-फायचा ड्रायव्हर नसेल तर यादी रिकामी राहते. सर्वांत सोपा उपाय म्हणजे अँड्रॉइड फोन केबलने जोडून फोनमधील ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करणे. विंडोज त्याला तारेचे नेटवर्क समजते आणि वेगळा ड्रायव्हर मागत नाही. प्रांत म्हणून ‘इंडिया’ निवडावे. कीबोर्ड मात्र आधी इंग्रजीच ठेवावा आणि मराठी नंतर जोडावा, म्हणजे पासवर्ड टंकताना गोंधळ होत नाही. खाते शक्यतो तेच वापरावे ज्याला ऑफिस आणि पूर्वीचा परवाना जोडलेला होता.

डेस्कटॉप आल्यावर ‘अ‍ॅक्टिव्हेशन’चे पान उघडावे. डिजिटल परवान्याने विंडोज अ‍ॅक्टिव्हेट झाली आहे असे दिसले की निम्मे काम फत्ते झाले. भाचीच्या लॅपटॉपवर ते वाक्य एकही अक्षर न टंकता दिसले.

ड्रायव्हर: क्रमाला महत्त्व आहे

कोणताही ‘ड्रायव्हर अपडेटर’ किंवा ड्रायव्हरचा गठ्ठा प्रथम दूर ठेवावा. हे प्रोग्राम अंदाजाने जुळवतात, सोबत जाहिराती आणतात, आणि चुकीचा ड्रायव्हर शोधून काढणे हे नवा बसवण्यापेक्षा कितीतरी कठीण असते.

आधी विंडोज अपडेटला पूर्ण एक-दोन फेऱ्या करू द्याव्यात आणि प्रत्येक फेरीनंतर रिस्टार्ट करावे. गेल्या काही वर्षांतील लॅपटॉपांचे बहुतेक ड्रायव्हर यातच येतात. ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधील ‘ऑप्शनल अपडेट्स’ही पाहावेत, तिथे काही ड्रायव्हर वेगळे ठेवलेले असतात. त्यानंतर स्टार्टवर उजवी क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावा. पिवळे चिन्ह एकही नसेल तर चांगलेच. असेल तर त्या ओळीच्या ‘प्रॉपर्टीज’मधील कोड वाचावा. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर नाही. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण उपकरण सुरू होत नाही. कोड ४३ म्हणजे उपकरणाने स्वतःच बिघाड कळवला आहे, आणि तो पुन्हापुन्हा येत असेल तर हार्डवेअर तपासावे लागते.

‘अननोन डिव्हाइस’ काय आहे ते ओळखण्यासाठी ‘डिटेल्स’मध्ये ‘हार्डवेअर आयडीज’ निवडावे. ‘व्हीईएन’पुढे ८०८६ असेल तर इंटेल, १०ईसी असेल तर रियलटेक, १०डीई असेल तर एनव्हिडिया, १००२ असेल तर एएमडी आणि १४सी३ असेल तर मीडियाटेक. लेनोव्होच्या आयडियापॅडवर ‘व्हीपीसी२००४’ असे दिसले तर ते पॉवर आणि विशेष कळांचे नियंत्रण असते. प्रकाशाची आणि विमानाच्या चित्राची कळ निकामी असण्याचे कारण बहुधा अशाच एका ओळीत दडलेले असते.

उरलेले ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावर सीरियल क्रमांक टाकून घ्यावेत आणि या क्रमाने बसवावेत: आधी चिपसेट, मग इंटेलच्या यंत्रात मॅनेजमेंट इंजिन आणि ‘सीरियल आयओ’, मग ग्राफिक्स, आवाज, नेटवर्क, ब्लूटूथ, आणि शेवटी टचपॅड, बोटाचा ठसा व विशेष कळा. या क्रमाला कारण आहे. आजचे बहुतेक टचपॅड ‘आयटूसी’ नावाच्या वाहिनीवर बसलेले असतात, आणि ती वाहिनी चालवणारा ड्रायव्हर इंटेलमध्ये ‘सीरियल आयओ’त, एएमडीमध्ये चिपसेटच्या संचात असतो. तो नसताना टचपॅडचा ड्रायव्हर कितीदाही बसवला तरी टचपॅड सापडतच नाही.

ग्राफिक्स आणि आवाज या दोन्हींत लॅपटॉप कंपनीचाच ड्रायव्हर आधी बसवावा. इंटेलचा किंवा एनव्हिडियाचा नवा ड्रायव्हर नंतर घालता येतो, पण आवाजाच्या बाबतीत कंपनीने त्या मॉडेलच्या स्पीकरसाठी केलेली जुळवणी तिच्याच संचात असते. रियलटेकचा साधा ड्रायव्हर चालतो, मात्र आवाज बारीक आणि पोकळ येतो. हल्लीच्या ड्रायव्हरांत आवाजाचे नियंत्रण करणारा प्रोग्राम वेगळा असून तो मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून येतो, म्हणून ड्रायव्हर बसल्यावर स्टोअरमधील अद्ययावतीही करून घ्याव्यात. भाचीच्या लॅपटॉपचा हरवलेला आवाज या शेवटच्या पायरीनंतर परत आला.

एखाद्या ड्रायव्हरनंतर बिघाड सुरू झाला तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ वापरावे. ते फिके असेल तर ‘अनइन्स्टॉल’ करताना ड्रायव्हरही काढून टाकण्याची चौकट टिचकवावी, नाहीतर रिस्टार्टनंतर तोच परत बसतो. कंपनीचे पानच उरले नसेल, तर आधी जपून ठेवलेले फोल्डर ‘अपडेट ड्रायव्हर’मधून दाखवावे. बायोसची नवी आवृत्ती असल्यास ती सगळ्यांत शेवटी, चार्जर लावून आणि बिटलॉकर तात्पुरते स्थगित करून घालावी. ती बसत असताना लॅपटॉपला हात लावू नये.

शेवटची तपासणी आणि नोंद

कॅमेरा, माइक, दोन्ही स्पीकर, हेडफोन, प्रत्येक यूएसबी खाच, ब्लूटूथ, बोटाचा ठसा, झाकण मिटून झोपवणे आणि पुन्हा उघडणे, हे सर्व एकेक करून पाहावे. झोपेतून उठताना पडदा काळा राहत असेल तर ग्राफिक्स आणि चिपसेट यांचे ड्रायव्हर पुन्हा पाहावेत. सगळे नीट असल्याची खात्री झाली की ड्रायव्हरांची प्रत पुन्हा एकदा, या वेळी शुद्ध विंडोजमधून, घ्यावी आणि विंडोजमधील ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ वापरून ‘सिस्टीम फाइल्स’सह एक पेन ड्राइव्ह तयार करावा. बिटलॉकर नव्याने चालू झाले असेल तर नवी ४८ अंकी की तयार होते. जुन्या कागदावरची आता चालत नाही, ती खोडून नवी लिहावी. भाचीच्या कागदावर मॉडेल, सीरियल क्रमांक, विंडोजची आवृत्ती, ऑफिसचा ईमेल पत्ता आणि ही नवी की एवढे लिहून तो आम्ही लॅपटॉपच्या बॅगेत न ठेवता घरच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये, खरेदीच्या बिलासोबत लावला.